अळणी

निशि-कासाईहून तोझाई लाइन पकडायची, कायाबाचोला उतरून हिबिया लाइन घ्यायची, हाच्चोबोरी आणि त्सुकिजी गेलं की लगेच हिगाशि-गिन्झा. अर्ध्या तासाचा रस्ता. एप्रिल 2023 मधल्या एका सकाळी मी माझ्या थोरल्या मामांना घेऊन या वाटेनं निघाले होते. मामा कोल्हापूरचे, वय 71. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर माझ्या नवऱ्याचं जॅकेट आणि कानाला मफलर, कारण तोक्योतला एप्रिल त्यांच्या लेखी अजून थंडीचाच होता. इथं गाडीत कुणी मोठ्यानं बोलत नाही हे त्यांनी पहिल्या दोन दिवसांतच हेरलं होतं. त्यामुळे माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "रस्सा प्यायला चाललोय न्हवं आपण?"

"हो. रस्सा, आणि त्यात शेवया."

"मग चालतंय."

मामांची शुक्रवार पेठेत खानावळ होती. आजोबांनी सुरू केलेली, पुढे मामांनी 38 वर्षं चालवलेली. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आत आलं आणि ते उतरेपर्यंत मामांनी ठरवून टाकलं होतं की आता पुरे. गुडघे दुखत होते, दोन्ही मुलं नोकरीला लागली होती. त्यांनी मोठी पातेली ओळखीच्या एका केटररला देऊन टाकली. एक पळी तेवढी ठेवली.

आमच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्या खानावळीच्या मागच्या खोलीत गेल्या. सकाळी दहाच्या सुमाराला मटण निम्मंअर्धं शिजलेलं असायचं. मोठ्या पातेल्यात हळद, आलं-लसूण आणि जरासा कांदा, बस्स. मीठ नाही. बऱ्याच घरांत मटणाला मीठ लावूनच शिजायला टाकतात, पण मामांकडे तो रिवाज नव्हता. त्या एकाच पाण्याचा पुढे तांबडा व्हायचा, पांढरा व्हायचा, सुक्क्याला थोडं जायचं, आणि प्रत्येकाच्या मिठाचं माप निराळं. तांबड्यात कांदा-लसूण चटणीचं मीठ आधीच असतं. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, त्याला मीठ जपून लागतं. म्हणून मूळ पाणी अळणीच ठेवायचं. पोरं ओळीनं बसली की मामा त्यातलं पळीभर पाणी प्रत्येकाच्या पितळी वाटीत घालायचे आणि वर स्वतःच्या बोटांनी चिमूटभर मीठ सोडायचे. ढवळायचं नाही. पहिला घोट जवळजवळ आळणी लागायचा, मटणाचा, हाडांचा, हळदीचा. आणि तळाशी जाता जाता मीठ सापडायचं. शेवटचा घोट सगळ्यात चांगला लागायचा. तो लवकर मिळावा म्हणून माझा धाकटा भाऊ वाटी एका दमात रिकामी करायचा आणि जीभ भाजून घ्यायचा.

जपानला येऊन मला अकरा वर्षं झाली. दोन हजार सालाच्या आगेमागे आयटीतल्या मंडळींमुळे निशि-कासाईत भारतीय वस्ती वाढली. आम्ही तिच्यात नंतर आलो. इथं कढीपत्ताही मिळतो आणि दिवाळीत फराळही जमतो, त्यामुळे घरच्या चवीसाठी जीव तगमगला असं मी म्हणणार नाही. रामेनही, म्हणजे रश्शातल्या शेवयाही, मी सुरुवातीपासून खात आले. पण रामेन हा माझ्या लेखी भुकेचा पदार्थ होता. उशीर झाला, पाऊस आला, स्टेशनजवळ दिवा दिसला, शिरलं आत. वाडग्यावर डुकराच्या चरबीचा जाड थर, खाऊन झालं की अंगात ऊब आणि डोळ्यांवर झोप.

त्या वाडग्याची घडण मला बऱ्याच उशिरा कळली. रामेनचा रस्सा आणि रामेनचं मीठ ही दोन वेगळी कामं असतात. हाडं, मांस, कोंबू हे समुद्री शेवाळ, सुकवलेले मासे यांचं पाणी तासन्‌तास काढायचं, ते बहुतेक मिठावाचून. मीठ, सोया, मिसो हा आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा यांचं घट्ट मिश्रण वेगळं मुरवून ठेवायचं. त्याला 'तारे' म्हणतात. गिऱ्हाईक आलं की वाडग्याच्या तळाशी आधी तारेचा डाव, त्यावर उकळता रस्सा, मग शेवया. सोयाचा तारे असेल तर शोयु रामेन, मिठाचा असेल तर शिओ. पातेलं एक, वाडगे निरनिराळे. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि हातातला फोन खाली ठेवला. हे मला माहीत होतं. ही मामांचीच मांडणी होती.

आणि आम्ही चाललो होतो त्या गिन्झा हाचिगो या दुकानात तारेच नसतो.

आधी दुकानाचं नाव. पाटीवर 'चूका सोबा' असं आहे, म्हणजे चिनी शेवया. रामेन हा शब्द घराघरांत पोचण्याआधीचं हे नाव. गव्हाच्या, क्षाराच्या पाण्यात मळलेल्या या शेवया जपानात आल्या त्या योकोहामासारख्या बंदरांतल्या चिनी वस्त्यांतून. 1910 साली कानइची ओझाकी यांनी तोक्योच्या असाकुसा भागात राइराइकेन नावाचं दुकान काढलं आणि योकोहामाच्या चिनी वस्तीतले आचारी आणून बसवले. रामेनच्या गोष्टीत या दुकानाचं नाव पहिल्या पानावर येतं. त्या क्षाराच्या पाण्याला कान्सुइ म्हणतात. त्यानं पिठाला पिवळसर झाक येते आणि शेवई रश्शात पडली तरी लगेच मान टाकत नाही, ताठ राहते.

तर नाव चिनी, वाडगा जपानी, आणि तो भरणारे यासुशी मात्सुमुरा हे फ्रेंच पद्धतीच्या स्वयंपाकात आयुष्य घालवलेले. क्योतोतल्या एका मोठ्या हॉटेलचे ते मुख्य शेफ होते. तिथून निघून त्यांनी गिन्झाच्या मागल्या अंगाला, काबुकीझा नाट्यगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर, 6 खुर्च्यांचं दुकान थाटलं. सहाच. उत्तम उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेच्या तोक्योच्या 2022 च्या यादीत त्याला एक तारा मिळाला.

जपानात फ्रेंच स्वयंपाकाला मोठा मान आहे. सम्राट मेइजींनी 1872 मध्ये उघडपणे गोमांस खाल्लं आणि शतकानुशतकांची मांसाची बंधनं सैल झाली, त्याच काळात दरबारी मेजवानीला फ्रेंच पद्धत आली; आजही परदेशी राष्ट्रप्रमुखांना राजवाड्यात जेवण असतं ते फ्रेंच धाटणीचं. उलटा रस्ताही आहे. केइ कोबायाशी या जपानी शेफच्या पॅरिसमधल्या उपाहारगृहाला 2020 मध्ये मिशेलिनचे तीन तारे मिळाले, आणि फ्रान्समध्ये तो मान मिळवणारे ते पहिले जपानी. माझ्या मुलीला हे काही ठाऊक नाही, पण 'कोन्सोमे' हा शब्द ती बोबडं बोलायची तेव्हापासून जाणते, कारण इथं बटाट्याच्या वेफर्सची ती चव आहे, 1978 पासूनची. फ्रेंचांचा कोन्सोमे, म्हणजे आरशासारखा नितळ केलेला रस्सा, इथं पोरांच्या हाताला चिकटणारी तिखट-गोड पूड होऊन बसलाय. असा शब्द जेव्हा वेफर्सच्या पुडीवर येतो, तेव्हा तो पाहुणा राहिलेला नसतो.

पण राजवाडा वेगळा आणि रामेन वेगळं. सुगामोमधल्या त्सुता या दुकानाला 2015 च्या डिसेंबरात तारा मिळाला, रामेनच्या दुकानाला मिळालेला तो पहिलाच, आणि त्यांच्या वाडग्यात ट्रफल होता, म्हणजे जमिनीखाली वाढणारी उग्र वासाची अळंबी. त्यानंतर फ्रेंच म्हणवणारे बरेच वाडगे तोक्योत दिसू लागले. त्यांतले चार-पाच मी खाल्ले आहेत. ट्रफलचं तेल, वर साय, कधी चीजचा फेस. वाईट कुठलाच नव्हता. पण वास आधी पुढे येतो आणि रस्सा मागं राहतो, असं मला दर वेळी वाटलं. रश्शावर शिंपडलेली गोष्ट ही रश्शाची नसते. म्हणून हाचिगोत मी 2022 च्या शरदात एकटी गेले ती फारशी आशा न ठेवता.

पहिला घोट घेतला आणि तोंडात मागची खोली आली. पितळी वाटी, दहाचं ऊन, शेवटचा घोट.

असं होतं तेव्हा मी स्वतःवर लगेच विश्वास ठेवत नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाला कशातही घर दिसतं, गरम पाण्यातही दिसतं. मला कुणीतरी जाणतं माणूस हवं होतं, ज्यानं माझ्याकडे न बघता नुसतं वाडग्याकडे बघून सांगावं. आणि मामा येणार आहेत असं कळलं तेव्हा साकुराची झाडं, फूजी वगैरे यादी मी केलीच, पण सगळ्यांत वर हे लिहिलं.

एक अडचण होती, ती मी त्यांना आदल्या रात्रीच सांगितली. मामांनी जन्मभर बोकडाचं मटण आणि कोंबडी केली. आमच्या घरात पाळीव डुक्कर खात नाहीत. "मामा, त्यात डुकराचं मांस असतं. वरपण आणि रश्शातपण. नको असेल तर नको जाऊ या. मनापासून सांगा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आबांच्या वेळंला रानडुकराची शिकार यायची घरात. म्या खाल्लंय. तुझ्या आईनंबी खाल्लंय, तिला इचार." आई नाही आता. त्यांच्या बोलण्यात ती अजून वर्तमानकाळात असते, आणि मला ते आवडतं. "बघू या," म्हणाले. "रस्सा बघायचा, मगच ठरवायचं."

आमची वेळ होईपर्यंत बाहेर उभे होतो. मामांनी तेवढ्यात दाराच्या फटीतून येणारा वास घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. "कोंबडी," म्हणाले. मग जरा वेळानं, "आणि कायतरी सुकवलेलं."

आत सहा खुर्च्या, समोर लाकडाचा लांब फळा, त्यापलीकडे हाताच्या अंतरावर चूल. मामांना कोपऱ्यातली जागा मिळाली, पातेल्यांच्या अगदी समोरची. रश्शाचं पातेलं उकळत नव्हतं. उकळी आणि स्थिर पाणी यांच्या मधली एक अवस्था असते, पृष्ठभाग नुसता थरथरतो, कडेला एखादा बुडबुडा येतो नि विरतो. मामांनी कोपरानं मला ढोसलं आणि हनुवटीनं तिकडं दाखवलं. खानावळीत नवीन पोऱ्या आला की पहिले आठ दिवस मामा त्याला फक्त जाळ बारीक ठेवायला बसवायचे. उकळी फुटली की फेस रश्शातच मोडतो, मग कितीही गाळा, पाणी गढूळ ते गढूळ.

रामेनमध्ये या उलट घराणंही आहे, आणि तेही अस्सल. क्यूशू बेटावरचं तोन्कोत्सु, डुकराच्या हाडांचं. तिथं मुद्दाम खळखळा उकळतात, तासन्‌तास, म्हणजे हाडांतला चिकट अंश आणि चरबी पाण्यात एकजीव होऊन रस्सा दुधासारखा पांढरा होतो. आपल्या पांढऱ्या रश्शाचा रंग नारळाचा, त्यांचा जाळाचा. फ्रेंच शिस्त मात्र दुसऱ्या टोकाची. कोन्सोमे करताना गार रश्शात खिमा, बारीक चिरलेल्या भाज्या आणि अंड्याचा पांढरा भाग कालवतात आणि अगदी मंद आचेवर ठेवतात. पांढरं गोठत गोठत वर येतं, येताना पाण्यातला सगळा गाळ आपल्यात ओढून घेतं, आणि वर एक जाड थर तरंगतो. त्याला मधे भोक पाडायचं, थर मोडू न देता खालचं पाणी अलगद पळीनं काढायचं, कापडातून गाळायचं. तळाशी टाकलेलं नाणं वाचता यावं इतकं ते नितळ हवं असं जुने लोक म्हणत.

फ्रेंचमध्ये अशा मूळ रश्शाला 'फाँ' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ तळ, पाया. एस्कोफिए या फ्रेंच शेफनी 1903 मध्ये आपला मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा सगळ्या स्वयंपाकाची भिस्त त्यांनी याच पायावर ठेवली. मराठीत पाया इमारतीचाही असतो आणि बोकडाचाही, आणि बोकडाच्या पायांचा रस्सा आपण हाड मोडलेल्याला देतो, बाळंतिणीला देतो. पॅरिसमध्येही तसंच होतं. 'रेस्तोराँ' हा शब्द मुळात जागेचा नव्हेच. तो एका रश्शाचा होता: अशक्त माणसाला पुन्हा उभं करणारं, मांस आटवून काढलेलं पाणी. 1760 च्या दशकात पॅरिसमध्ये हे पाणी बसून प्यायची सोय असलेली दुकानं निघाली, आणि पदार्थाचं नाव हळूहळू दुकानाला लागलं. जगातल्या सगळ्या रेस्टॉरंटांच्या पाटीवर एका आजाऱ्याच्या वाटीचं नाव आहे. हे मी मामांना बाहेर उभ्या उभ्या सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आमचीबी हाटेल म्हणजे दवाखानाच की," आणि त्यांना हे मनापासून पटलेलं होतं.

वाडगा समोर आला.

रस्सा फिकट सोन्याच्या रंगाचा, तळ दिसणारा. वर चरबीची लहान लहान चकत्यांसारखी वर्तुळं, एकमेकांना टेकलेली पण एक न झालेली. बारीक शेवया चॉपस्टिक्सनी दुमडून ठेवलेल्या, केस विंचरून बांधावेत तशा एका दिशेनं. मांसाचे पातळ काप, बांबूच्या कोवळ्या कोंबाचे तुकडे, कांद्याची पात. मी अंडंही मागवलं होतं, मुरवलेलं, आतला बलक अजून ओला. इतकंच. सजावट म्हणून काही नाही.

मामांनी चमचा घेतला नाही. वाडगा दोन्ही हातांनी उचलला, जसा जपानी माणूस उचलतो तसा, पण ते इथं शिकले नव्हते. त्यांची वाटी धरायची पद्धतच तशी आहे. आधी आत बघितलं. मग एक घोट. मग वाडगा तसाच तोंडाशी धरून थांबले. समोरच्या लाकडी फळ्यावर त्यांनी नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे. ते काय शोधत आहेत हे मला उशिरा कळलं. मिठाचं भांडं.

"मीठ कुठनं आलं ह्याला?" त्यांनी विचारलं.

माझ्या अंगावर काटा आला, कारण मला विचारायचा होता तो प्रश्न हाच होता आणि मला तो असा चार शब्दांत मांडता आला नव्हता. मीठ होतं, पुरतं होतं, पण ते वरून पडलेलं वाटत नव्हतं. तळाशी सापडलेलंही वाटत नव्हतं. पहिल्या घोटापासून रश्शाच्या अंगातच होतं.

मग मी त्यांना माहीत होतं ते सांगितलं. इथं तारे घालत नाहीत. कोंबडी आहे, नागोया भागातली कोचिन जातीची, बदक आहे, शेवाळ आहे, आणि मिठासाठी कच्चं हॅम आहे. डुकराची मांडी मीठ लावून महिनोन्‌महिने वाळवतात, इटलीत तिला प्रोशुत्तो म्हणतात. ती रश्शातच टाकतात. मीठ तिच्यातून उतरतं.

"म्हंजे सुकट," मामा म्हणाले.

मी हसले नाही, कारण ते अगदी बरोबर बोलले होते. सुकटीत, हॅममध्ये, जपानी वाळवलेल्या बोनितो माशात एकच काम चाललेलं असतं: मांस वाळताना, मुरताना आतून मोडत जातं आणि चव मोकळी होते. किकुनाए इकेदा या तोक्योतल्या रसायनशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. तीच चव आपल्याला टोमॅटोत, चीजमध्ये, मांसात लागते हे त्यांनी आधीच टिपलं होतं; लाइपझिगला शिकत असताना ते युरोपातलं जेवलेही होते. पाच वर्षांनी त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी बोनितोमधला इनोसिनेट हा तशीच चव देणारा घटक शोधला. आणि पुढे कळलं की ही दोन एकत्र आली की चवीची बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. जपानी आजी कोंबू आणि बोनितो एकत्र का भिजवते, फ्रेंच आजी हाडांबरोबर कांदा, गाजर, सेलरी का टाकते, आणि आपण मटणात कांदा का परततो, यामागचं कारण बरंचसं एकच. मुरलेल्या हॅममध्ये तर मोकळं ग्लुटामेट भरपूर. म्हणजे मात्सुमुरांनी जपानी वाडग्यातून जपानी तारे काढून घेतला आणि त्या जागी युरोपातला एक तुकडा टाकला जो मीठही देतो आणि तारेचं दुसरं कामही करतो. वरून काहीच शिंपडलं नाही. फ्रेंच काय आहे हे बोट ठेवून दाखवता येत नाही. जे काढून टाकलंय त्याच्या जागी ते आहे.

आणि मला वाटतं, हे करायला फार धीर लागतो. तारे असला की रस्सा एखाद्या दिवशी थोडा पातळ उतरला तरी डाव अर्धा जास्त घालून निभावतं. हॅमचा प्रत्येक तुकडा सारखा खारट नसतो. मांडी वेगळी, हवा वेगळी, मुरण वेगळी. रोज सकाळी पातेल्यासमोर उभं राहून चव घ्यायची आणि ती त्याच क्षणी पुरी करायची, नंतर सुधारायची सोय ठेवायची नाही. पाहुणा बसल्यावर हातात फक्त पळी.

मामा शेवयांकडे वळले. भुरका. असा भुरका मी खानावळीत ऐकला होता आणि माझ्या शिकलेल्या सासरी तो कधी ऐकू आला नव्हता. इथं त्या सहाही खुर्च्यांवर भुरके चालू होते, कारण रामेन तसंच खातात. शेवईबरोबर हवा आत गेली की वास नाकापर्यंत जातो आणि घासही निवतो. मामांनी डावीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे एकदा बघितलं, त्यांनी मामांकडे. दोघंही पुन्हा वाडग्यात वाकले.

मांसाचा काप त्यांनी सगळ्यात शेवटी उचलला. मी दुसरीकडे बघत राहिले, त्यांना अवघड होऊ नये म्हणून. पुन्हा बघितलं तेव्हा वाडग्यात काही नव्हतं. रस्साही नव्हता. आत पांढरी चिनी माती आणि कांद्याच्या पातीचं एक हिरवं वर्तुळ.

उठताना मी 'गोचिसोसामा देशिता' म्हटलं. जेवण झाल्यावर म्हणायचं ते वाक्य. मामांनी नमस्कार केला. फळ्यापलीकडून वाकून नमस्कार आला. मामा क्षणभर थांबले, त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, आणि भाषा नव्हती. मी म्हटलं, सांगा, मी सांगते त्यांना. "न्हाई," म्हणाले, "त्यास्नी ठावं आहे."

परतीच्या गाडीत त्यांनी कायाबाचो येईपर्यंत तोंड उघडलं नाही. माझ्या मनात माझा प्रश्न तसाच होता. शेवटी विचारलं, मामा, तुमच्या अळणीसारखं लागलं का? मला तसं लागलं होतं, म्हणून तर आणलं तुम्हांला.

ते म्हणाले, "न्हाई."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग जरा वेळानं म्हणाले, "आमचं अळणी म्हंजे अर्धं काम. त्यात फुडं चटणी पडायची, नारळ पडायचा. निम्म्यावर असतानाच तुमास्नी द्यायचो. हे पुरं झालेलं आहे." बोटांनी त्यांनी हवेत वाटीचा आकार केला. "तुला शेवटचा घोट आठवला आसंल. मीठ लागल्याला. ह्यो पहिल्यापासनं शेवटचा घोट आहे."

तोझाई लाइनचा तो भाग सगळा जमिनीखाली आहे. खिडकीत काळोख आणि काळोखात आम्ही दोघं दिसत होतो. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावरून आले तर मामा स्वयंपाकघरात होते. माझ्या नवऱ्याला घेऊन ते सुपरमार्केटात गेले होते आणि कोंबडीचा सांगाडा आणला होता. इथं तो 'तोरिगारा' नावानं स्वच्छ करून, पाकिटात घालून, अगदी स्वस्तात मिळतो. शेगडीवर माझं सगळ्यात मोठं पातेलं, त्यात हळद, आलं-लसूण. गॅस इतका बारीक की विझला की काय म्हणून मी वाकून बघितलं. पाणी थरथरत होतं. चपटा चमचा घेऊन ते कडेकडेनं फेस गोळा करत होते आणि एका बशीत ठेवत होते. त्या बशीत पाच-सहा थर साठलेले. कट्ट्यावर कोंबूची एक पट्टी होती, माझ्याच डब्यातली. ती त्यांनी हुंगून बघितली, उलटसुलट केली आणि परत ठेवून दिली.

मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि वास घेऊन म्हणाली, "कोन्सोमे?"

"अळणी," मामा म्हणाले. तिनं शब्द दोनदा म्हणून बघितला. ळ तिला नीट येत नाही, तिच्या तोंडी तो 'अरनी' झाला.

मामांनी एक वाटी भरली, पितळी नाही, माझ्याकडची स्टीलची, आणि तिच्यासमोर ठेवली. मिठाचा डबा मी त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी झाकण काढलं, चिमूट घेतली आणि वाटीवर हात धरला. सोडायच्या आधी जरा थांबले. मग तिला म्हणाले, "ढवळू नगस हं," आणि बोटं मोकळी केली.